फौज कुठे उभी आहे, तिचा पगार कोण देतो : सोलापूरच्या परिसरातून लष्करी सत्तेचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: राष्ट्रांनी आपल्या लष्करी ताकदीचा उपयोग इतिहासात नेमका कसा केला? लढाई न करता नुसती फौज उभी ठेवून काय साधतं? आणि सोलापूर भागात याचं काही पाहायला मिळतं का?

मिळतं, आणि भरपूर मिळतं. सोलापूर, परांडा, माचणूर, आष्टी आणि नळदुर्ग एवढी पाच ठिकाणं धरली, तरी चारशे वर्षांत फौजेचा किती तऱ्हांनी उपयोग झाला ते कळतं. म्हणून उत्तर इथूनच सुरू करू आणि गरज पडेल तिथे काबूल, जपान, बर्लिनकडे वळू.

आधी एक गोष्ट पक्की करा. फौजेच्या आयुष्यात लढाईचे दिवस फार थोडे. बाकी सगळा काळ ती कुठेतरी मुक्काम ठोकून असते, खात असते, पगार मागत असते. सत्ता चालते ती याच दिवसांत. त्यामुळे कुठल्याही काळातली फौज समजून घ्यायची तर तीन प्रश्न विचारावेत. ती कुठे उभी आहे? तिचा पगार कोण देतो? तिची रसद कुठल्या वाटेनं येते? माणसं किती, तोफा किती हे त्यानंतर. शाळेच्या पुस्तकांत नेमकं उलट होतं. तिथे लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतात आणि पगाराचं कलम गाळतात.

सोलापूरचा भुईकोट बहमनी काळातला. डोंगरी किल्ल्यासारखा कड्याचा आधार त्याला नाही. आधार आहे तो दुहेरी तटाचा, खंदकाचा आणि शेजारच्या सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याचा. त्याची खरी किंमत त्याच्या जागेत होती, कारण तो विजापूर आणि अहमदनगर या दोन राज्यांच्या मधोमध पडतो. इथली शिबंदी, म्हणजे किल्ल्यात ठेवलेली फौज, ज्याची, त्याचे घोडेस्वार दुसऱ्याच्या मुलखात कधीही उतरू शकत. १५२० च्या दशकात इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी झालं, तेव्हा सोलापूर हुंड्यात द्यायचं ठरलं, पण ताबा दिला गेला नाही. त्यावरून पुढची चाळीसएक वर्षं दोन्ही दरबार एकमेकांच्या उरावर बसले होते. शेवटी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी हिचं लग्न अली आदिलशहाशी झालं, आणि या वेळी सोलापूर विजापूरच्या बाजूला हुंडा म्हणून गेलं. त्या सोयरिकीनंतरच दोघे एकत्र येऊन जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीला विजयनगरविरुद्ध उभे राहू शकले. म्हणजे एका सरहद्दीवरच्या किल्ल्याचा प्रश्न सुटला आणि दक्षिणेतलं सर्वांत मोठं राज्य कोसळलं. सोलापुरातून फौज हलली की नाही याला महत्त्व नव्हतं, ती कोणाच्या नावानं बसली आहे याला होतं.

असा किल्ला घ्यायचा तर जड तोफा लागत, आणि जड तोफ आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात हलत नाही. मुलुखमैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, परांड्याच्या किल्ल्यावर राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. तिचं वजन सुमारे ५५ टन मानतात. मृगाचा पाऊस पडल्यावर एवढा गाडा चाकाच्या आसापर्यंत रुतणारच, मग शेकडो बैल जुंपा नाहीतर हत्ती लावा. दख्खनमध्ये मोहिमा दसऱ्यानंतर निघत आणि पावसाळ्यात फौजा छावणीत बसत, त्यामागे धार्मिक कारणाइतकंच हे जमिनीचं कारण होतं.

आता रसदीचा हिशेब करू, कारण इथेच मोठमोठ्या बादशाह्या अडकल्या. घोड्याला दिवसाला साधारण ४ किलो दाणा, ८ ते १० किलो वैरण आणि ३० लिटरच्या आसपास पाणी लागतं. दहा हजार घोडी असतील तर रोज ४० टन दाणा आणि शंभरएक टन वैरण. पाठीवर गोणी घेतलेला बैल सुमारे १०० किलो उचलतो. म्हणजे नुसत्या दाण्यासाठी रोज चारशे बैल छावणीत पोचायला हवेत. धान्याचं ठिकाण पाच दिवसांच्या वाटेवर असेल तर जाऊन-येऊन दहा दिवस धरा, म्हणजे चार हजार बैल कायम रस्त्यावर. हे काम वंजारी-लमाणांचे तांडे करत. वैरणीचं मात्र असं होत नाही. ती वजनाला हलकी, आकाराला मोठी, त्यामुळे लांबून आणणं परवडत नाही. एकरी टनभर कडबा धरला तरी रोज शंभर एकरांचा कडबा आसपासच्या गावांतून उचलावा लागतो. महिना झाला की जवळची गावं संपतात आणि वैरण आणणाऱ्या टोळ्यांना रोज अधिक लांब जावं लागतं. छावणीवर हल्ला करण्यापेक्षा या टोळ्या कापणं किती तरी सोपं.

औरंगजेबाचं नेमकं हेच झालं. गेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याला बादशहाच्या छावणीत आला होता. छावणीचा घेर तीस मैलांचा आणि माणसं पाच लाख, असा त्याचा अंदाज. आकडा थोडा फुगलेला धरला तरी ते चालतं-फिरतं शहर होतं. त्याच वर्षी ही छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला हलली, म्हणजे आजच्या मंगळवेढा तालुक्यात, माचणूरजवळ. जागा विचार करून निवडलेली होती. नदीचं पाणी, ज्वारीचा पट्टा, शिवाय विजापूर आणि अहमदनगर दोन्ही बाजूंचे रस्ते हाताशी. १६९५ ते १६९९ अशी सलग चार वर्षं हिंदुस्थानचा कारभार भीमेच्या काठावरून चालला. माचणूरचा किल्ला त्याच काळातला.

पण छावणीची सत्ता तिची घोडी फिरतील तेवढ्याच मुलखावर चालते. त्यापलीकडे संताजी-धनाजी रसद लुटत होते आणि मराठ्यांचे कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, चौथ वसूल करत होते. ते पाहून बादशहा १६९९ मध्ये स्वतः किल्ले घ्यायला निघाला. साताऱ्याला १७०० च्या एप्रिलमध्ये यश आलं, पण त्याआधी मोगलांचाच सुरुंग त्यांच्या अंगावर उलटून शेकडो माणसं गाडली गेली. पुढचे बरेच किल्ले लढून कमी आणि किल्लेदारांना पैसे मोजून जास्त मिळाले. १७०० च्या पावसाळ्यात माण नदीकाठी खवासपूरला पूर छावणीत शिरला, त्या गोंधळात बादशहाचा पाय दुखावला आणि तो कायमचा अधू झाला. १७०२ मध्ये विशाळगड घेतल्यावर ऐन पावसात पन्हाळ्याकडे परतताना तीसएक मैलांना महिन्याहून अधिक काळ लागला. किल्ला घेतला की त्यात शिबंदी ठेवावी लागते, शिबंदीला धान्य पोचवावं लागतं आणि तेवढी फौज मैदानातून कमी होते. छावणीची पाठ फिरली की मराठे तोच किल्ला पुन्हा घेत. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला, तेव्हा त्याच्या ताब्यात किल्ले होते, पण मुलूख नव्हता.

मराठ्यांनीही पुढे फौजेच्या धाकावर पैसा वसूल केला, हे आपण मोकळेपणानं मान्य करावं. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली, आणि त्या बदल्यात बादशहासाठी पंधरा हजार घोडदळ ठेवण्याची अट होती. बंगालमध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी दहा वर्षं लोकांचे अतोनात हाल केले. १७५१ मध्ये अलिवर्दीखानानं वर्षाला १२ लाख रुपये कबूल केले तेव्हा त्या थांबल्या. फौज येईल या धाकावरच तो महसूल वसूल होत होता.

तैनाती फौजेवर, म्हणजे राजाच्या खर्चानं त्याच्याच मुलखात ठेवलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेवर, मात्र सावकाश थांबायला हवं, कारण जगात आज जे लष्करी करार होतात त्यातले बरेच याच घडणीचे आहेत.

पायऱ्या अशा होत्या. राजा अडचणीत असतो आणि तो स्वतःहून मदत मागतो. कंपनी पलटणी देते, पण त्या राजाच्या मुलखात कायम राहणार आणि खर्च राजानं द्यायचा. परराष्ट्राशी बोलणी कंपनीमार्फतच. इतर युरोपियन लोक नोकरीला ठेवायचे नाहीत. इथपर्यंत करार वाजवी दिसतो. मग खर्चाचे हप्ते थकतात. महसूल हंगामावर अवलंबून असतो आणि पलटणीचा पगार महिन्याच्या महिन्याला लागतो, त्यामुळे ते थकणारच. थकबाकीच्या बदल्यात मुलूख तोडून दिला जातो. मुलूख गेला की उत्पन्न घटतं, राजाला स्वतःची फौज पोसता येत नाही, तो शिलेदार-बारगिरांना, म्हणजे आपल्या घोडेस्वारांना, रजा देतो. आता त्याच्याकडे दुसऱ्याचीच फौज उरते, आणि ती कोणावर चालवायची हे रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसलेला कंपनीचा प्रतिनिधी, ठरवतो.

हैदराबादच्या निजामानं १७९८ मध्ये सहा पलटणी घेतल्या, खर्च वर्षाला सुमारे २४ लाख रुपये. दोनच वर्षांत, १८०० मध्ये, म्हैसूरच्या युद्धांतून मिळालेला बळ्ळारी-अनंतपूर-कडप्पाचा मुलूख त्यानं या खर्चापोटी कंपनीला देऊन टाकला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावानं सहा हजार पायदळ आणि तोफखाना स्वीकारला आणि वर्षाला २६ लाखांचा मुलूख लावून दिला. पंधरा वर्षांनी त्याला यातून सुटायचं होतं, पण शत्रूची फौज त्याच्या राजधानीच्या वेशीवर त्याच्याच पैशानं बसलेली होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला मराठी फौज इंग्रजांच्या कित्येक पट होती, तरी ती फुटली. मग पाठलाग आपल्या भागात आला. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोनं सोलापूरचा किल्ला घेतला. पुढे इथे इंग्रजांची छावणी बसली. शहरातला सदर बझार हा त्या छावणीचाच बाजार.

निजामाचं पुढचं प्रकरण तर आणखी शिकवणारं आहे. तैनाती फौजेशिवाय त्याच्याकडे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं ‘कंटिंजंट’ नावाचं दुसरं दळही उभं केलं गेलं. त्याचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम रेसिडेंटचा. कर्ज वाढत गेलं. १८५३ च्या तहानं या दळाचा आकार ठरवला गेला: पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने. त्याच्या पगारासाठी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशीव-नळदुर्गचा भाग इंग्रजांकडे लावून दिला गेला. सोलापूरहून पन्नास किलोमीटरच्या आत असलेलं नळदुर्ग गोळी न सुटता, निव्वळ पगाराच्या कलमामुळे हात बदलून गेलं. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, म्हणून १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले आणि ५० लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र परत मिळालं नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला २५ लाखांच्या कायम भाडेपट्ट्यावर घेतलं.

१८५७ नंतर इंग्रजांनी फौज ठेवण्याची रीतच बदलली. तोफखाना जवळजवळ पूर्ण गोऱ्यांच्या हाती ठेवला आणि गोऱ्या सैनिकांचं प्रमाण वाढवलं, बंगाल फौजेत एका गोऱ्यामागे दोन देशी असं. जोडीला रेल्वे. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. त्यानंतर प्रत्येक शहरात मोठी पलटण ठेवण्याची गरज राहिली नाही, पुण्यासारख्या छावणीतून ती एका रात्रीत पाठवता येऊ लागली.

त्याचा अनुभव सोलापूरनं १९३० मध्ये घेतला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्यावर गिरणीकामगार रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेचं पोलीस ठाणं जळलं आणि काही दिवस सरकारचा अंमल शहरातून उठला. शहराची व्यवस्था त्या काळात लोकांनी सांभाळली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत चालला. त्या काळात काँग्रेसचा झेंडा लावणं हासुद्धा गुन्हा होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. लष्करी दृष्टीनं पाहिलं तर सरकारनं इथे फौजेचं सर्वांत महाग रूप वापरलं. धाक टिकतो तो दुरून. फौज प्रत्यक्ष पेठेत येऊन झेंडे उतरवू लागली, की पोलीस, कोर्ट आणि पालिका ही रोजची साधनं चालेनाशी झाली आहेत हे सगळ्यांना दिसतं. दोन पोलीस आणि एक हुकूम यांनी जे काम व्हायचं, त्याला आता पलटण लागते, आणि पलटण कायम ठेवता येत नाही.

१९४८ चं हैदराबाद याच्या उलट टोकाचं. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर सिकंदराबादमधली भारतीय फौज मागे घेतली गेली, म्हणजे संस्थानाच्या आत उभं राहायला जागा उरली नाही. बाहेरून जायचं तर रणगाडे उतरवता येतील असा ब्रॉडगेज रेल्वेचा फलाट आणि थेट हैदराबादला जाणारा पक्का रस्ता, दोन्ही हवं. ते सोलापूरला होतं. जनरल जे. एन. चौधरी यांची मुख्य चाल इथून ठरली. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. दुसरी चाल पूर्वेकडून, विजयवाड्याहून होती.

सप्टेंबरमध्ये काळी माती ओली असते. रणगाडा तिच्यात चालेलही, पण मागचे तेलाचे आणि दारूगोळ्याचे ट्रक रुततात. त्यामुळे सगळी मोहीम एका डांबरी पट्टीवर आणि त्या पट्टीवरच्या पुलांवर टांगलेली होती. पहिला मोठा पूल नळदुर्गला बोरी नदीवर. तो उडवला गेला असता तर बाकी सगळा आराखडा बदलावा लागला असता. १३ सप्टेंबरच्या पहाटे झटकन हालचाल करून तो साबूत ताब्यात घेतला गेला, दुसऱ्या शीख पलटणीनं नळदुर्गचं ठाणं घेतलं, सकाळी नऊपर्यंत चिलखती तुकडी जळकोटला आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्याला पोचली. १७ तारखेला निजामानं युद्ध थांबवलं, १८ ला निजामाचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी शरणागती पत्करली. नळदुर्गच्या रस्त्यानं जाताना हा पूल आणि किल्ला एकाच नजरेत पाहावेत, म्हणजे इथेच ठाणं का होतं ते कळतं.

पण मोहीम इथे संपवून सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. तुकड्या रस्त्यानं वेगानं पुढे गेल्या आणि मागच्या गावांत कोणाचाच अंमल राहिला नाही. रझाकारांच्या अत्याचारांनंतरचा सूड तिथल्या निरपराध मुसलमानांवर निघाला. पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वांत वाईट झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. वेगवान चढाईच्या आराखड्यात मागच्या मुलखात ठाणी बसवायला पहिल्या दिवसापासून वेगळी माणसं मोजून ठेवावी लागतात. ती नसतील तर विजयाच्या आठवड्यातच कत्तल होते. हे लष्करी चुकीचं सर्वांत भयंकर रूप आहे, आणि आपल्या उंबरठ्यावरचं आहे.

समुद्रावरच्या ताकदीचं गणित थोडं वेगळं. जहाजाला वैरण लागत नाही, पण वाटेत थांबायला बंदरं आणि आगबोटींच्या काळात कोळसा लागतो. इंग्रजांना त्यासाठी जिब्राल्टर, माल्टा, एडन, सिंगापूर ही ठाणी उपयोगी पडली. ८ जुलै १८५३ ला अमेरिकन आरमारी अधिकारी पेरी चार जहाजं घेऊन एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, खाडीत आला आणि पुढच्या वर्षी जास्त जहाजं घेऊन परतला. ३१ मार्च १८५४ ला जपाननं करार केला. युद्ध झालं नाही. एडोचा तांदूळ समुद्रमार्गे येत होता, खाडी अडली तर शहर उपाशी पडणार हे दोघांनाही माहीत होतं. याउलट डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेची विमानवाहू नौका ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागरात आली ती ढाक्याच्या शरणागतीच्या तोंडावर. जहाज प्रचंड होतं, पण जमिनीवर त्याला थांबवता येईल असं काही उरलं नव्हतं. शिवाय सोव्हिएत जहाजंही त्या पाण्यात होती.

कधी कधी थोडीच माणसं मुद्दाम ठेवतात. पश्चिम बर्लिनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांचे मिळून दहा-बारा हजार सैनिक होते आणि भोवती पूर्व जर्मनीत सोव्हिएत फौज लाखोंनी. लढून शहर वाचवणं शक्यच नव्हतं. पण हल्ला झाला तर हे सैनिक मरतील आणि मग तिन्ही देशांना युद्धात उतरावंच लागेल, एवढं पुरेसं होतं.

परक्या मुलखातली फौज बुडते ती बहुधा दोन कारणांनी. पहिलं, पैसा. १८४१ मध्ये इंग्रजांनी काटकसर म्हणून खिंडी राखणाऱ्या गिलजई टोळ्यांचा तनखा तोडला, टोळ्यांनी वाट अडवली, आणि ६ जानेवारी १८४२ ला काबूलहून निघालेले साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे जलालाबादेच्या वाटेवर संपले. जे पैसे वाचवले, त्यांच्या कित्येक पट किंमत गेली. दुसरं कारण, यजमानाची संमती. श्रीलंकेत आपली शांतिसेना जुलै १९८७ मध्ये तिथल्या सरकारशी करार करून गेली. ज्या तामिळांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्यातल्याच एलटीटीईशी तिला लढावं लागलं, आणि १९८९ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी निघून जा म्हणून सांगितलं. मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते.

आजच्या बातमीत कुठल्या देशात कोणाचा लष्करी तळ होतोय असं वाचलं, तर पहिल्यांदा खर्चाचं कलम पाहा आणि मग निघून जाण्याचं. क्यूबानं ग्वांतानामो १९०३ मध्ये अमेरिकेला भाड्यानं दिलं, आणि १९३४ च्या तहात अट आली की दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय किंवा अमेरिकेनं तळ सोडून दिल्याशिवाय भाडेपट्टा संपणार नाही. १९५९ नंतरच्या क्यूबा सरकारला तो तळ नको आहे, तरी तो आहे. फिलिपिन्सचा १९४७ चा करार ९९ वर्षांचा होता, पण १९६६ मध्ये त्यांनी भांडून मुदत २५ वर्षांवर आणली. ती १९९१ मध्ये संपली, नव्या कराराला त्यांच्या सिनेटनं १२ विरुद्ध ११ मतांनी नकार दिला, आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेनं सुबिक बे रिकामं केलं.